गळ्यातली घंटा

दसरा जवळ आला की माझं डोकं फिरतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाई फार कडू बोलते. लोक झेंडूच्या माळा ओवतात, गाड्या धुतात, आपट्याची पानं देऊन गळ्यात पडतात, आणि मी दात आवळून बसलेली असते. त्या एका दसऱ्याला आमच्या ऑफिसात काय झालं, ते मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आजवर सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

ऑफिस शहरातल्या गारखेड्यात, मेडिकलच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये. हॉलमध्ये आम्ही लोकांची सॉफ्टवेअरं बनवत कॉम्प्युटर घेऊन बसायचो, आतल्या खोलीत सर. सर म्हणजे मालक. त्यांच्या घरात आधी भिक्षुकी, मग पिढ्या कारकुनीत गेलेल्या; धंद्यात उतरलेले हे पहिलेच. शिवी देणार नाहीत, आवाज चढवणार नाहीत. गोड हसत, निवांतपणे माणसाची अब्रू काढणार. एरवी मला अगं-तुगं करायचे. 'अहो मॅडम' म्हणाले की समजायचं, आज आपली काही खैर नाही.

मी देवगाव रंगारीकडची. घरची मेंढरं. आबा मेंढरांमागं, आई थोड्याशा कोरडवाहू रानात नाहीतर दुसऱ्याच्या मजुरीला. कॉम्प्युटरची पदवी घेतलेली आमच्या भावकीत मी पहिली. सरांकडं लागले ती कच्ची. दसऱ्यापर्यंत बघू, असं सरांनी सांगितलेलं. काम जमलं तर पक्की, नाहीतर नमस्कार. आईनं तिकडं तोच दिवस धरून ठेवला होता. पक्की झालीस तर राहा शहरात. नाही झालीस तर गपगुमान घरी यायचं आणि दिवाळीनंतर लग्न. मुलगाही बघून ठेवलेला, नात्यातलाच. वाईट नव्हता बिचारा, पण मला नव्हतं करायचं. मला काम करायचं होतं, आणि ते माझ्या हाताला जमत होतं.

आता घंटेचं सांगते. मी नवीन होते तेव्हा डबा खाताना कुणीतरी विचारलं, घरी काय करतात? मी सांगितलं, मेंढरं. त्यात लाजायचं काय? सरांचे डोळे चमकले. म्हणाले, "अगं, मग मेंढीच्या गळ्यातली एखादी घंटा आण की ऑफिसला. इथं काहीतरी अस्सल पाहिजे." मी येडी, हरखून गेले. वाटलं, दाराला लावतील, नाहीतर शोकेसमध्ये ठेवतील. सुट्टीत घरी गेले आणि आबांकडं मागितली. आबांच्या एका लाडक्या मेंढीची पितळी घंटा होती. ती म्हातारी होऊन मेली तेव्हापासून घंटा खिळ्याला टांगलेली. चामड्याचा पट्टा आबांनी स्वतः शिवलेला. खिळ्यावरून काढली, पण लगेच दिली नाही, हातात घेऊन बसले थोडा वेळ. मग म्हणाले, "सायबानं मागितली म्हणतीस, तर ने. जपा म्हणावं." मी ती चिंचेनं घासून लख्ख करून नेली.

सरांनी ती दाराला लावली नाही. हॉलमधल्या खुंटीला अडकवली आणि नियम काढला. ज्याच्या चुकीनं सिस्टीम बंद पडेल, त्यानं संध्याकाळपर्यंत ही गळ्यात घालायची. पाण्याला उठा, चहाला जिना उतरा, घंटा वाजली पाहिजे. "सगळ्यांना कळू दे मेंढरू कुठं चाललंय," म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. नोकरी कच्ची असली की माणूस सगळ्यावर हसतं.

पहिल्यांदा ती आमच्या सीनियरच्या गळ्यात पडली. तो शहरातच वाढलेला, बडबड्या. "अरे, क्या मस्त दिखरा मैं!" म्हणत त्यानं फोटो काढले, टपरीवर जाऊन घंटा वाजवत चहा पिऊन आला. त्याची करमणूक झाली. मग एकदा माझ्या हातून काहीतरी चुकलं, तेव्हा माझी पाळी आली. सर सगळ्यांना म्हणाले, "हिला काही अवघड नाही हं, घरचाच दागिना आहे." तेव्हाचं हसणं वेगळं होतं. सीनियरला हसले होते ते तो घंटेत गमतीशीर दिसत होता म्हणून. मला हसले ते मी गमतीशीर दिसत नव्हते म्हणून. मी चालताना आतला लोलक मुठीत धरायला लागले, आवाज येऊ नये म्हणून, तर आतल्या खोलीतून हाक आली, "अहो मॅडम, हात खाली."

घंटा तोंडावर फेकून का नाही मारली, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला विचारायचे. पण दसरा यायचा होता, आणि पलीकडं आई दिवाळीनंतरची तारीख बघत होती. मूग गिळून बसले.

माझ्याकडं काम होतं ते पैठणच्या एका नवरा-बायकोचं. त्यांचे स्वतःचे माग होते, पैठणी विणायचे. त्यांना एक वेब ॲप्लिकेशन पाहिजे होतं. गिऱ्हाइकानं घरी बसून साडीचा रंग, काठ, पदरावरची नक्षी निवडायची, आणि ऑर्डर थेट पैठणला मागावर. ॲप्लिकेशन आमच्या ऑफिसातल्याच एका कॉम्प्युटरवर चालत होतं. पण साड्यांची, मागांची, ऑर्डरींची सगळी माहिती ज्यात राहायची तो डेटाबेस मुंबईत, एका मोठ्या कंपनीच्या मशीनवर भाड्यानं घेतलेला. क्लाउड क्लाउड म्हणतात ते हेच. हे इथलं आणि ते तिथलं एकमेकांशी बोललं पाहिजे, ती जोडणी माझी. सर्व्हरचं नाव, पासवर्ड, सर्टिफिकेट, यातलं एक जरी हुकलं तरी पलीकडून उत्तर येत नाही. कितीतरी दिवस मी पांढऱ्या पडद्याकडं बघत बसले. आणि एका दुपारी पडद्यावर 'मोरपंखी' अशी अक्षरं उमटली. मुंबईहून आलेला पहिला शब्द! मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आनंद कुणाला सांगावा ते कळेना, म्हणून खाली जाऊन मेडिकलवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं.

या जोडणीत एक मेख होती. डेटाबेस कुणालाही आत घेत नाही. त्याला आधी सांगून ठेवावं लागतं, इंटरनेटच्या अमुक पत्त्यावरून कुणी आलं तरच दार उघड. आमच्या ऑफिसचा पत्ता मी तिथं घालून ठेवला होता. पण आमचं कनेक्शन घरगुती, स्वस्तातलं. राउटर बंद करून परत चालू केला की कंपनी नवाच पत्ता द्यायची. मग डेटाबेस आम्हाला ओळखायचा नाही. नवा पत्ता घालायचा तर क्लाउडच्या खात्यात शिरावं लागायचं, आणि त्याचा कोड यायचा फक्त सरांच्या मोबाईलवर. मी सरांना सांगून थकले होते, कायमचा एक पत्ता घ्या, नाहीतर ऐनवेळी घात होईल. सर म्हणायचे, "लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे. राउटर बंद करतंय कोण?"

दसऱ्याच्या सकाळी राउटर बंद केला तो सरांच्या आईनं.

पैठणची मंडळी त्याच दिवशी येणार होती. मुहूर्तावर पहिली साडी स्वतःच्या हातानं नोंदवायची, असं त्यांनी ठरवलेलं. सरांनी ऑफिसात यंत्रपूजा ठेवली. त्यांच्या आई, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, ताम्हन, हळदकुंकू, झेंडू आणि ओलं फडकं घेऊन आल्या आणि कॉम्प्युटर पुसायला लागल्या. ॲप्लिकेशनचा कॉम्प्युटर मी हातापाया पडून वाचवला. तोवर काकू भिंतीजवळ गेल्या आणि राउटरची पिन उपसून मोकळ्या.

"काकू, अहो, तो नका बंद करू! त्याचा पत्ता बदलतो."

"चालू यंत्राला ओलं फडकं लावू होय? सणाच्या दिवशी मला शॉक देतेस का?"

मी पळत सरांकडं गेले. सांगितलं की राउटर बंद झालाय, आता नवा पत्ता घालावा लागेल, मोबाईलवर कोड येईल तेवढा द्या, मिनिटाचं काम आहे. सर धोतर नेसून, गंध लावून आरशात बघत होते. आरशातूनच म्हणाले, "अहो मॅडम, आई देवाचं करतेय ना? जरा शांत राहायला शिका." काकूंनी राउटरला पाच बोटं हळदकुंकवाची ओढली, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि पिन परत लावली. हिरवे दिवे लागले. सगळ्यांनी नमस्कार केला. एवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि पैठणची मंडळी आली.

पुढं काय होणार ते मला दिसत होतं. दिसत असून बघत बसायचं, याच्याइतकं वाईट काही नाही. सरांनी त्यांना खुर्च्या दिल्या, कौतुकानं बोलले, आणि बाईंच्या हातात माऊस दिला. बाईंनी 'साड्या बघा' वर क्लिक केलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय, आणि मग लाल अक्षरात आलं, डेटाबेसशी संपर्क झाला नाही. बाईंनी नवऱ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला. मुहूर्त होता हो त्यांचा.

"सर, कोड," मी म्हटलं. मी एव्हाना खात्याचं पान उघडून बसले होते. सरांच्या हातातला मोबाईल वाजलेला मी ऐकला होता.

सरांनी मोबाईल उलटा धरला. पाहुण्यांकडं बघून हसले. "आमच्या मॅडम नवीन आहेत. शिकतायत. अहो मॅडम, आधी सांगा, बंद का पडलं?"

"राउटर बंद केला होता, सर. पूजेसाठी. पत्ता बदलला."

काकू पेढे वाटत होत्या, त्या थांबल्या. "म्हणजे मी देवाचं केलं म्हणून बिघडलं? तुमच्यात करत नाहीत का गं दसरा?"

सरांनी मान हलवली, लई दुःख झाल्यासारखी. "आईवर ढकलता? वा. मॅडम, मला कारण नको. कुणाचं चुकलं तेवढं सांगा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती मला त्या दिवशी कळली. हा माणूस खोटं बोलत होता, त्याला ते ठाऊक होतं, मला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक होतं, आणि तीच तर त्याची मजा होती. पडद्यावर लाल अक्षरं तशीच होती. कोड थोडाच वेळ चालतो. मी म्हटलं, "माझं चुकलं, सर."

"जरा मोठ्यानं."

"माझं चुकलं."

मग त्यांनी एकेक आकडा सांगितला, मध्ये थांबत थांबत, पाहुण्यांना पेढा घ्या म्हणत. मी आत शिरले, नवा पत्ता घातला, पान परत उघडलं. मोरपंखी, डाळिंबी, राणी, सगळे रंग एकदम आले. बाईंनी डाळिंबी निवडली, पदरावर मोर घातले, आणि ऑर्डर त्यांच्या मोबाईलवर टिंग करून वाजली. दोघं खूश. जाताना बाईंनी माझा हात दाबला. सर त्यांना गाडीपर्यंत सोडायला खाली गेले, तेव्हा मला वाटलं, सुटले. काम तर झालं.

सर वर आले आणि त्यांनी खुंटीवरची घंटा काढली.

मी हात जोडले. तेव्हा मी जे बोलले त्याचा मला आजही संताप येतो. मी म्हटलं, "सर, आज नको. आज आबा यायचेत ऑफिस बघायला. आज माझं पक्कं व्हायचं म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलंय."

सरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "अरे वा! बाबा येणार? मग तर घातलीच पाहिजे. आणि पक्कं म्हणालात ते... संध्याकाळी बघू. आता अवघड दिसतंय." त्यांनी स्वतः माझ्या गळ्यात घातली. पट्टा आवळला, पार शेवटच्या भोकापर्यंत. श्वास घेताना गळ्याला लागत होता.

आबा एसटीनं आले आणि बसस्टँडवरून विचारत विचारत गारखेड्याला पोचले. मी पाणी आणायला उठले होते, घंटा वाजली, आणि जिन्यातूनच आबांचा आवाज आला, "अगं, हाय का तू वर?" काढावी म्हणून मानेमागं हात नेला, तर आतल्या खोलीच्या दारात सर उभे. बोटानंच नाही म्हणाले.

आबा आत आले ते हसतच. पांढरं धोतर, गुलाबी फेटा, काखेत घोंगडी, हातात आपट्याची डहाळी. कुणाकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं, घंटेकडं बघितलं. "जिन्यातच आवाज वळखला म्या. म्हणलं, ही तर आपली घंटा!"

सर पुढं झाले, हात जोडले, खुर्ची दिली. मग एकदम साळसूदपणे विचारलं, "काका, एक सांगा. तुमच्याकडं ही घंटा सगळ्याच मेंढरांच्या गळ्यात असते का हो?"

"नाय नाय, सायेब!" आबा खुर्चीच्या टोकावर बसले. मेंढरांचं कुणी विचारलं की आबा खुलतात. "सगळ्यांच्या कामून? एकीच्याच. जी म्होरं चालती तिच्या. म्होरकी म्हणतो आमी तिला. बाकीची डोळं झाकून तिच्या घंटेमागं जातेत. ती शानी पायजे, भेदरणारी नसावी. ही जिची व्हती ना, तिच्यासारखी परत झाली नाय."

सरांनी आमच्या सगळ्यांकडं नजर फिरवली. मग आबांना म्हणाले, "बरोबर. म्हणूनच तर तुमच्या लेकीच्या गळ्यात बांधली. ही आमची म्होरकी."

सीनियर तोंडावर हात दाबून गॅलरीत पळाला. कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं. आणि आबांचे डोळे भरून आले. फेट्याच्या टोकानं पुसले त्यांनी, लाजत लाजत. "मपली लेक," एवढंच म्हणाले.

ते उठले, माझ्याजवळ आले आणि पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली. मेंढीच्या गळ्यात बांधल्यावर आवळलं तर नाही ना, ते असंच बघतात. बोटं आत जाईनात. "लई आवळलाय गं. लेकराला काचंल," म्हणाले, आणि दोन भोकं ढिला करून दिला. त्यांची बोटं माझ्या गळ्याला खरखरीत लागली. मी समोर भिंतीकडं बघत राहिले. राउटरवरचं झेंडूचं फूल खाली पडलं होतं. तोंड उघडलं असतं तर मी रडले असते, आणि रडले असते तर आबांना कळलं असतं.

आबांनी सरांच्या हातात आपट्याची पानं दिली. घोंगडी दिली, आमच्याच मेंढरांच्या लोकरीची, मुद्दाम विणून घेतलेली. काकूंनी ती चिमटीत धरली. "वास येतो का हो हिला?"

"भिजली तर येतो, बाई," आबा खरं तेच बोलले.

आणि तेव्हा सर म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काका, पेढा घ्या. तुमची मुलगी आजपासून पक्की."

आबांनी मला वाकायला लावलं. म्हणाले, सायबाच्या पाया पड. मी पडले. वाकताना घंटा वाजली.

आबांना रिक्षात बसवून मी वर आले, तर घोंगडी वॉटर कूलरखाली गेली होती, गळणाऱ्या पाण्याला. सर खुर्चीत रेलून डोळे पुसत होते, हसून हसून आलेलं पाणी. मला म्हणाले, "काढ आता ती. आणि नीट ऐक, तुला पक्की केली ते तुझ्या कामासाठी नाही. तुझ्या बापासाठी केली. इतकं मी किती वर्षांत हसलो नव्हतो." मी घंटा काढून खुंटीला अडकवली आणि जागेवर जाऊन बसले. पैठणची आणखी एक ऑर्डर आली होती.

संध्याकाळी खोलीवर होते तेव्हा आबांचा फोन आला. मागं माणसांचा गलका, आईचं हसणं, पोरांचा आरडाओरडा. आईनंही पलीकडून ओरडून सांगितलं की नात्यातल्या त्या पोराला नाही म्हणून निरोप धाडला. आबा तर ओरडूनच बोलत होते. "साऱ्या वस्तीला सांगितलं म्या! एवढ्या शिकल्या-सवरल्या मान्सांत घंटा कुनाच्या गळ्यात हाय, म्हणलं, तर मपल्या लेकीच्या. ऐकतीस ना?"

"व्हय, आबा."

"दुसऱ्या कुनाला देऊ नगंस. गळ्यातच राहू दे."

मी म्हटलं, व्हय, गळ्यातच राहील.